शपथ मोडली म्हणजे विश्वास मोडला का?

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी पुन्हा वाचला. इतरांना कळावं म्हणून थोडक्यात मांडते. अकरा वर्षं रोज दारू. मग डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. त्यानंतर एका प्रार्थना शिबिरात तुम्ही चर्चच्या सगळ्या मंडळीसमोर गुडघे टेकून 'आयुष्यात पुन्हा शिवणार नाही' अशी शपथ घेतलीत. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या भावांनी म्हटलं, 'देवाने बरं केलंय ना, मग गोळ्या कशाला?' गोळ्या थांबल्या. 47 दिवस कोरडे गेले आणि अठ्ठेचाळिसाव्या दिवशी तुम्ही प्यायलात. आता तीन आठवडे रोज रात्री पिणं चालू आहे, रविवारी उपासनेत शेवटच्या बाकावर बसता आणि यातलं कुणालाच काही सांगितलेलं नाही. तुम्ही तीन गोष्टी विचारता: माझा विश्वास कमी पडला का? पुन्हा गोळ्या घेणं म्हणजे देवावर अविश्वास ठरेल का? चर्चच्या पाळकांना सांगावं का?

मी एकवीस वर्षं व्यसनमुक्तीत समुपदेशक म्हणून काम करते आणि स्वतः ख्रिस्ती आहे. शेवटच्या बाकावरची माणसं मला दोन्ही नात्यांनी भेटत आली आहेत. तुमच्या लिहिण्यात मला काळजी वाटली ती शपथ मोडल्याची नाही. काळजी वाटली 'कुणालाच सांगितलेलं नाही' या वाक्याची. व्यसनाला जगायला दारूइतकंच लपणं लागतं. आणि विश्वास दोन्ही कामांना वापरता येतो. पाठ असलेली वचनं, पुढे होऊन केलेली सेवा, मोठ्याने म्हटलेली गीतं यांच्या आड माणूस वर्षानुवर्षं पीत राहू शकतो. तोच विश्वास त्याला एके दिवशी कुणासमोर तरी खरं बोलायचं बळही देतो. म्हणून पुढे मी जे सांगणार आहे ते सगळं, आणि मंडळीत कुणी जे सुचवेल तेही, एकाच कसोटीवर घासून पाहा: या गोष्टीने मी लपतोय की दिसतोय?

पण त्याआधी शरीराचं. हे वाचून आज रात्रीपासून एकदम बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं की पहिल्या 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. फिट यायची असेल तर ती बहुतेक पहिल्या 48 तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो, आपण कुठे आहोत हे कळत नाही. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार झाले नाहीत तर माणूस यात दगावू शकतो. प्रत्येकाला असं होतंच असं नाही. किती पिता, आधी कधी फिट आली होती का, यकृत कसं आहे, सोबत झोपेच्या गोळ्या घेता का, यावर ते अवलंबून आहे. हे ठरवणं डॉक्टरांचं काम आहे. तुमचं नाही, पाळकांचं नाही आणि माझंही नाही. कुणाला घरी ठेवून चालतं, कुणाला भरती करावं लागतं. साधारणपणे काही दिवस बेन्झोडायझेपीन गटातलं औषध देऊन ते हळूहळू कमी करतात आणि थायमिन, म्हणजे ब1 जीवनसत्त्व देतात. दीर्घकाळ पिणाऱ्यांत थायमिन फार कमी झालेलं असतं आणि त्यामुळे मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

हे इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. माझ्याकडे नंतर आलेल्या एका माणसाने दारू सोडायची म्हणून तीन दिवसांचा उपवास धरला होता. दुसऱ्या रात्री त्याला फिट आली. घरच्यांना वाटलं, दुष्टात्मा बाहेर पडतोय. सगळे भोवती बसून प्रार्थना करत राहिले. त्यांच्या प्रेमात काही खोट नव्हती, पण दवाखाना गाठायला पहाट झाली. तो वाचला. मला आजही त्या रात्रीचा विचार आला की वाटतं, त्यातल्या एकाने जरी उठून गाडी बोलावली असती तर तीही प्रार्थनाच होती.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली. झुडपाखाली बसून तो देवाकडे मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत येतो, पण त्याच्या विश्वासाची झाडाझडती घेत नाही. त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो. एलीया पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला देतो. देवाशी बोलणं होतं ते त्यानंतर, चाळीस दिवस चालून डोंगरावर पोहोचल्यावर. व्यसनातून बाहेर येणाऱ्याच्या पहिल्या काही आठवड्यांचं इतकं अचूक वेळापत्रक मला दुसरीकडे मिळालेलं नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न, विश्वास कमी पडला का. यावर मला एका शल्यविशारदाचं उदाहरण द्यावंसं वाटतं. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात बॉब स्मिथ नावाचे डॉक्टर होते. 1933 पासून ते ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळींच्या बैठकांना जात, बायबल वाचत, प्रार्थना करत. आणि दोन वर्षं पीतही राहिले. गटात कुणालाही त्यांनी आपलं पिणं उघड सांगितलं नव्हतं. 1935 च्या वसंत ऋतूत त्यांनी ते अखेर सांगितलं आणि सगळ्यांनी गुडघे टेकून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. तरी पिणं लगेच थांबलं नाही.

त्याच सुमारास न्यू यॉर्कहून बिल विल्सन हे कामासाठी अ‍ॅक्रनला आले. 1934 च्या डिसेंबरात, दारू सोडवण्याच्या उपचारांसाठी इस्पितळात असतानाच, त्यांना देवाच्या सान्निध्याचा विलक्षण अनुभव आला होता आणि तेव्हापासून ते प्यायले नव्हते. पण अ‍ॅक्रनमध्ये हातातलं काम फसलं, खिसा रिकामा, हॉटेलच्या दालनात एका टोकाला बार. तो अनुभव जेमतेम पाच महिन्यांपूर्वीचा होता, तरी पाय बारकडे ओढत होते. त्यांनी काय केलं? चर्चच्या यादीतून एका धर्मगुरूंना फोन लावला आणि मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचंय असं सांगितलं. त्या धर्मगुरूंनी काही नावं दिली, त्यातून एका बाईंपर्यंत आणि त्यांच्यामार्फत डॉक्टर बॉबपर्यंत बिल पोहोचले. बॉब पंधरा मिनिटंच भेटणार होते, बोलणं तासन्‌तास चाललं. त्यानंतरही बॉब एकदा घसरले, डॉक्टरांच्या एका परिषदेला गेले असताना. त्यांचा शेवटचा पेला 10 जून 1935 रोजीचा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संघटना आपला स्थापना दिवस तोच मानते. 1950 साली मृत्यू येईपर्यंत डॉ. बॉब पुन्हा प्यायले नाहीत.

ही हकीगत मी इतकी लांबण लावून सांगितली, कारण तुमचे तिन्ही प्रश्न तिच्यात आहेत. बॉबकडे विश्वास नव्हता असं कोण म्हणेल? दोन वर्षं कमी होता आणि 10 जूनला अचानक पुरेसा झाला, असं तर झालं नाही. बिलला अनुभव आला तो इस्पितळाच्या खाटेवर, औषधं चालू असताना. आणि अनुभव कितीही खरा असला तरी पाच महिन्यांनी त्यांना फोन लावावाच लागला. तो फोन घेणाऱ्या धर्मगुरूंनी स्वतः काही उपचार केला नाही. योग्य माणसाकडे वाट दाखवली. आध्यात्मिक मार्गदर्शकाचं हे काम मला फार मोलाचं वाटतं आणि ते फार थोडे जण मनापासून करतात.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकांचा उपयोग होतो का, हे संशोधकांनीही तपासलं आहे. 2020 साली वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 27 अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत हा मार्ग इतर मान्य मानसोपचारांच्या तोडीचा, काही बाबतींत सरसच दिसला. काही ख्रिस्ती लोकांना या संघटनेने दारूतून बाहेर यायला आखलेल्या बारा पायऱ्यांमधले 'आम्हाला समजलेला ईश्वर' हे शब्द खटकतात. मी सांगते, तिथे बसून तुम्ही येशूचंच नाव घ्या, कुणी अडवत नाही. ज्यांना उघडपणे ख्रिस्ती चौकटच हवी असेल त्यांच्यासाठी 'सेलिब्रेट रिकव्हरी' हा कार्यक्रम आहे. 1991 साली कॅलिफोर्नियातल्या एका चर्चमध्ये, स्वतः दारूतून बाहेर आलेल्या जॉन बेकर यांनी तो सुरू केला आणि त्याची तत्त्वं येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातल्या 'धन्य ते' या वचनांशी जोडली.

एक प्रांजळपणे सांगते. प्रार्थनेनंतर तलफ एका रात्रीत निघून गेली आणि परत आलीच नाही, अशी माणसं मी पाहिली आहेत. थोडी आहेत, पण आहेत, आणि मी त्यांच्यावर शंका घेत नाही. देव असं करू शकतो. मात्र त्यांच्यावरून बाकीच्यांना माप लावणं चुकीचं आहे. प्रेषित पौलाने शरीरातला काटा काढून टाकण्यासाठी तीनदा विनंती केली, काटा राहिला. त्याच्या विश्वासात कमी होती असं कोणत्याही मंडळीत कुणी म्हणणार नाही.

तुमच्या 47 दिवसांबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण तुम्ही लिहिलंय, 'पहिले तीन आठवडे मी हवेत होतो, मग देव दूर गेल्यासारखा झाला.' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. दारू सुटल्यावर बऱ्याच जणांना सुरुवातीला एक उधाण येतं. झोप परतते, तोंडाला चव येते, घरचे पुन्हा बोलू लागतात. गटांमध्ये याला 'गुलाबी ढग' म्हणतात. मग ढग विरतो. वर्षानुवर्षं दारूनेच आनंदाचं बटण दाबलेलं असतं, त्यामुळे मेंदूला साध्या गोष्टींतून समाधान मिळवायची सवय परत लागायला महिने जातात. त्या काळात सगळं करडं वाटतं. गीत म्हटलं तरी आत काही हलत नाही, वचन वाचलं तरी अक्षरंच दिसतात. दुसरा कुणी याला 'कंटाळा' म्हणेल. विश्वासणारा माणूस मात्र त्याचा अर्थ लावतो की देवाने पाठ फिरवली, आपण काहीतरी केलं असणार. आणि नेमकं तेव्हाच तुमच्या गोळ्या थांबलेल्या होत्या. 47 दिवसांनंतर जे झालं त्याचा बराचसा उलगडा मला इथे होतो.

लोयोलाचे संत इग्नेशियस यांनी सोळाव्या शतकात आत्म्याच्या चढउतारांसाठी काही नियम लिहून ठेवले. त्यातला एक असा की मन कोरडं, उदास असेल त्या काळात आधी केलेले निर्णय बदलू नयेत. मी याला जोडून सांगते: मन उधाणलेलं असेल तेव्हाही बदलू नयेत. गोळ्या बंद करण्याचा निर्णय तुम्ही उधाणात घेतलात, पिण्याचा कोरडेपणात. त्या कोरड्या दिवसांत काही वाचायचंच असेल तर स्तोत्रसंहितेतलं 88वं स्तोत्र वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एकही ओळ नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे तशा अवस्थेत केलेली प्रार्थनाही देवाला चालते.

दुसरा प्रश्न, गोळ्यांचा. औषध घेणं अविश्वास असता तर येशूच्या गोष्टीतल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला नसता, वाटेतच गुडघे टेकले असते. दारूसाठी साधारण तीन औषधं वापरतात. नाल्ट्रेक्सोन पिण्यातली मजा आणि ओढ कमी करतं, अकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची आतली अस्वस्थता शमवायला मदत करतं, आणि डायसल्फिरम घेतलेल्या माणसाने दारू घेतली तर चेहरा लाल होऊन उलट्या, धडधड असा जोराचा त्रास होतो. तुमची गोळी कुठली होती हे तुम्ही लिहिलेलं नाही. डायसल्फिरम असेल तर दोन गोष्टी. ती शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत त्रास देऊ शकते, आणि प्रभुभोजनातला आंबलेला द्राक्षारसही तिला दारूच वाटतो. म्हणून पाळकांना सांगून ठेवणं भाग आहे. यात लाजण्यासारखं काही नाही. थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने 1869 साली न आंबणारा द्राक्षरस तयार केला तो मुळी प्रभुभोजनासाठीच. कॅथलिक मंडळींत तर केवळ भाकरीच्या रूपात स्वीकारलेला ख्रिस्तशरीराचा संस्कारही पूर्णच मानतात. गोळी कुठलीही असो, मी तर सुचवेन की प्याल्याचा वासही पहिलं वर्ष टाळा.

हे वाचणाऱ्यांत अफूजन्य पदार्थांचं व्यसन असलेलं कुणी असेल तर त्यांच्यासाठी एकच ओळ, पण जिवावरची. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन कुणाच्याही आध्यात्मिक सल्ल्यावरून थांबवू नका; काही आठवडे दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि पूर्वीचाच डोस जीव घेतो.

ज्या भावांनी गोळ्या थांबवा म्हटलं त्यांच्याबद्दल मनात राग धरू नका. त्यांना आनंद झाला होता आणि आनंदात माणूस आपल्या अधिकाराबाहेर बोलून जातो. पण यापुढे औषधाबद्दलचा सल्ला औषध लिहिणाऱ्याकडूनच घ्या. आणि कुणी कोंडून ठेवायला, उपाशी ठेवायला, बांधायला किंवा मारायला सांगितलं, नाव कोणाचंही घेऊन सांगितलं, तर तिथून निघा.

आता पाळकांना सांगावं का. हो, पण आधी माणूस पारखून. इथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक गृहस्थ मला म्हणाले, 'ताई, प्रार्थना करावीशीच वाटत नाही हल्ली.' मी त्यांना सकाळ-संध्याकाळ वाचायला वचनांची यादी लिहून दिली. पुढचे पाच आठवडे ते दर वेळी येऊन सगळं वाचतोय म्हणाले, आणि त्या पाचही आठवड्यांत ते पीत होते. त्यांनी दार किंचित उघडलं होतं, मी यादी पुढे करून ते लावून घेतलं. तेव्हापासून माझी पारख अशी आहे: ज्याच्यासमोर 'मी काल प्यायलो' म्हटल्यावर तो आधी 'बरं झालं सांगितलंत, आत्ता कसे आहात?' असं विचारेल, तो माणूस. वचन त्यानंतर आलं तरी चालेल. तुमची साक्ष पुढच्या सभेत हवीच असा आग्रह धरणारा तो माणूस नव्हे, मग तो कितीही अभिषिक्त असो.

गुप्ततेचंही आधी विचारून घ्या. कॅथलिक पापनिवेदनात सांगितलेलं धर्मगुरू कुणालाही, कोणत्याही कारणासाठी सांगू शकत नाहीत, ती मोहर मोडत नाही. इतर मंडळ्यांत पाळकांवर विश्वास ठेवता येतो, पण नियम इतका घट्ट असेलच असं नाही. 'हे तुमच्या घरीसुद्धा बोलायचं नाही' असं सरळ म्हणा. चांगला पाळक त्याने दुखावत नाही. पाळक ओळखीतले, नात्यातले असतील किंवा तुमचं काम त्यांच्या हाताखाली असेल, तर दुसऱ्या मंडळीतल्या कुणाकडे गेलात तरी चालेल.

आणि एकाच माणसाकडून सगळं मागू नका. पाप, क्षमा, देवापुढची भीती, जगण्याचा अर्थ हे पाळकांपाशी. कोणत्या प्रसंगी पाय घसरतो, राग आला की काय होतं, हे समुपदेशकापाशी. रात्री नऊ वाजता तलफ आली की फोन लावायचा तो आधी या वाटेवरून गेलेल्या माणसाला, गटात त्याला स्पॉन्सर म्हणतात. चाळीस जणांच्या दुःखात बुडालेला पाळक रात्री नऊला फोन उचलेलच असं नाही, आणि न उचललेल्या फोनचा अर्थ तुम्ही पुन्हा 'देवाने ऐकलं नाही' असा लावाल.

सांगितल्याने काय होतं? इग्नेशियस यांच्याच आणखी एका नियमात म्हटलंय की मोह पाडणारा हा फसव्या प्रियकरासारखा असतो. आपलं बोलणं गुप्त राहावं अशी त्याची सगळी धडपड असते, आणि ते एखाद्या शहाण्या माणसाला उघड सांगितलं की त्याचा डाव फसतो. याकोबाच्या पत्रातही पाचव्या अध्यायात, बरं होण्यासाठी एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, असं आहे. बारा पायऱ्यांतली पाचवी पायरीही चुकांची कबुलीच मागते: देवाजवळ, स्वतःजवळ आणि दुसऱ्या एका माणसाजवळ. देवाजवळ कबूल करणं तुम्हाला अवघड नाही, ते तुम्ही रोज रात्री करताच आहात. तिसरं राहिलंय.

शपथेबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण ती तुमच्या मनात धोंड्यासारखी आहे. आयुष्यभराची शपथ मी कुणालाही घ्यायला सांगत नाही. डब्लिनचे मॅट टॅलबट बाराव्या वर्षापासून पीत होते. 1884 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी शपथ घेतली ती तीन महिन्यांची. ती पाळली, मग वाढवली, मग पुढे आयुष्यभराची केली. 1925 साली मरेपर्यंत त्यांनी दारू घेतली नाही आणि 1975 साली कॅथलिक चर्चने त्यांना 'पूज्य' म्हणून गौरवलं. तीन महिने हीसुद्धा तुमच्यासाठी आज मोठी मुदत आहे. झोपेपर्यंत पुरे. डॉक्टरांनी वेळापत्रक आखून दिलं की त्यातला आजचा दिवस, एवढीच शपथ.

तलफ आल्यावर कशी प्रार्थना करावी, हे बरेच जण विचारतात. लांब नको. तलफ लाटेसारखी चढते आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते. त्या वेळात लांब प्रार्थना करणारा माणूस हळूहळू स्वतःशीच वाटाघाटी करू लागतो. उठून उभे राहा. आवाज काढून बोला. पूर्वेकडच्या मंडळ्यांतली जुनी प्रार्थना आहे, 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर'. ती श्वासाबरोबर म्हणता येते, अर्धी श्वास घेताना, अर्धी सोडताना. दहा-बारा वेळा म्हटलीत की फोन लावा. उपाशी असाल तर आधी काही खा, कारण भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चौघांपैकी कुणी ना कुणी तलफेच्या पाठीशी असतोच. याच कारणाने पहिले काही महिने उपवास आणि रात्रभराची जागरण-प्रार्थना मी बंद ठेवायला सांगते. लोकांना हे पटायला जड जातं. पण शरीर अजून झोप आणि अन्नाच्या थकबाकीत आहे, आणि उपाशी, न झोपलेल्या माणसाला आलेली ओढ आध्यात्मिक लढाई समजून लढणं म्हणजे लढाई स्वतःच ओढवून घेणं. साक्ष द्यायचीही घाई नको, निदान एक वर्ष. माइकसमोर 'मी मुक्त झालो' म्हटलेला माणूस पुढच्या वेळी घसरला की तो लपतो. तुमचं तेच झालं.

पत्नीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, 'तिला संशय आहे.' तिला संशय नसणार, तिला माहीत असणार. तिला कधी सांगायचं हे तुमच्या घरातल्या परिस्थितीवर आहे. पिऊन हात उचललेला असेल, तर आधी समुपदेशकाशी बोला आणि तिची सुरक्षितता पहिली. एरवी पाळकांना सांगितलंत की त्याच दिवशी तिलाही सांगा, दुसऱ्याकडून कळायच्या आत. आणि कृपा करून तिला क्षमेची वचनं दाखवू नका. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयाने ज्यांना लुबाडलं त्यांचं चौपट परत करीन म्हटलं, 'मला माफ करा' अशी मागणी कुणाकडे केली नाही. तिला वेळ लागेल. तो तिचा आहे.

भाऊ, तुम्ही शेवटी लिहिलंय की पाळकांशी बोलायला सुरुवातच सुचत नाही. मग ही वाक्यं घ्या, हवी तशी बदला: 'पाळकसाहेब, मला अर्धा तास हवा आहे, दोघांतच. शिबिरानंतर 47 दिवस मी प्यायलो नाही. आता तीन आठवडे रोज पितोय. आज डॉक्टरांना भेटतो आहे आणि पुन्हा गोळ्या सुरू होतील. मला आत्ता उपदेश नको, तुम्ही फक्त ऐका आणि माझ्यासोबत प्रार्थना करा.' पाठ होत नसेल तर कागदावर लिहून न्या आणि कागद त्यांच्या हातात द्या. वाचून दाखवतानाही आवाज फुटत नाही, हे मी पाहिलंय. डॉक्टरांचा फोन मात्र त्याच्या आधी, उद्या सकाळीच. रोज किती पिता तो खरा आकडा सांगा, अर्धा करून नको. त्यावरच औषधाचा डोस ठरतो.